पावसाळा संपल्यावर छोट्या मुलाला घेऊन माथेरान: क्रमाने काय करायचं आणि गडबड नेमकी कुठे होते

दसरा ते नोव्हेंबर अखेर हा माथेरानला जायचा माझ्या मते सगळ्यात छान काळ. पाऊस गेलेला असतो, झाडं अजून हिरवीगार असतात, लाल माती बसलेली असते, उन्हाळ्यात उडते तशी धूळ नसते. आणि तरीही याच दिवसांत दोन ते सहा वर्षांचं मूल घेऊन गेलेली कितीतरी कुटुंबं दमून-वैतागून परत येतात, कारण प्लॅन पॉइंटचा, म्हणजे कड्यावरून दरी बघायच्या जागांचा, केलेला असतो, मुलाचा नाही. शिवाय माथेरानमध्ये आपली गाडी नेता येत नाही ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते पण तिचा अर्थ गाड्या जिथे संपतात त्या दस्तुरी नाक्यावर एका हातात बॅग, दुसऱ्या हातात झोपाळलेलं मूल घेऊन उभं राहिल्यावरच कळतो. म्हणून खाली सगळं ज्या क्रमाने घडतं त्याच क्रमाने लिहिलंय. क्रम महत्त्वाचा आहे, प्लीज मधलंच काहीतरी उचलून करू नका.

टप्पा १: तारीख

पहिली गोष्ट, शनिवार-रविवार टाळा. जमत नसेल तर निदान शुक्रवारी सकाळी चढा आणि शनिवारी दुपारी उतरा, म्हणजे तुम्ही उतरताना बाकीचे चढत असतात. दिवाळीत लक्ष्मीपूजन-पाडवा लोक घरी असतात, पण भाऊबीज झाली की पुढचे चार-पाच दिवस घाटात गाड्यांची रांग लागते आणि दस्तुरीचं पार्किंग भरतं. छोटं मूल घेऊन त्या रांगेत अडकणं म्हणजे सहल सुरू व्हायच्या आधीच संपली.

दुसरं, मिनीट्रेन. डोंगराच्या पायथ्याचं नेरळ ते दस्तुरीजवळचं अमन लॉज स्टेशन हा घाटातला भाग पावसाळ्यात बंद असतो आणि साधारण ऑक्टोबरच्या मध्यानंतर, कधी रुळांची कामं लांबली तर थेट नोव्हेंबरमध्ये सुरू होतो. अमन लॉज ते माथेरान ही छोटी शटल मात्र पावसाळ्यातही चालवतात. मुलाला महिनाभर आधीपासून "आपण झुकझुक गाडीने जायचं" असं सांगून ठेवू नका, आधी गाडी सुरू झाल्याची बातमी बघा आणि मगच वचन द्या. वचन मोडलं की पुढचे दोन दिवस तेच ऐकावं लागतं आणि त्यात मुलाची काही चूक नसते.

ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात जाणार असाल तर एक लक्षात ठेवा, सावलीतल्या दगडांवर शेवाळ अजून ओलं असतं, चालताना पाय सटकतो. एखादी संध्याकाळची सर पण येते. नोव्हेंबरमध्ये हे दोन्ही नसतं पण रात्री गारवा जास्त असतो. चार वर्षांच्या आतलं मूल असेल तर मी नोव्हेंबरचा पहिला-दुसरा आठवडा निवडेन, दिवाळी त्यात येत नसेल तर.

टप्पा २: हॉटेल बुक करताना फोनवर विचारायच्या गोष्टी

फोटो बघून बुकिंग करू नका. स्विमिंग पूलचा फोटो सगळ्यांकडे असतो. फोन करा आणि हे विचारा:

१. माथेरान स्टेशनपासून हॉटेल चालत किती मिनिटं? "जवळच आहे" हे उत्तर चालणार नाही. मोठ्या माणसाला दहा मिनिटं म्हणजे तीन वर्षांच्या मुलाबरोबर वीस-पंचवीस, आणि ते पण मूल खुशीत असेल तर.

२. रस्ता चढाचा आहे की सपाट?

३. जेवण खोलीच्या भाड्यात आहे का आणि वेळा काय? माथेरानची बरीच हॉटेलं नाश्ता, दोन जेवणं धरूनच पैसे घेतात आणि जेवणाच्या वेळा ठरलेल्या असतात. रात्रीचं जेवण साडेआठला सुरू होत असेल आणि तुमचं मूल आठला झोपत असेल तर साडेसातला साधं वरण-भात किंवा मऊ खिचडी, बिनतिखट, देणार का हे आधीच बोलून घ्या. बहुतेक जण देतात, पण आयत्या वेळी नाही, सकाळी सांगितलं तर.

४. चेक-इन, चेक-आऊट किती वाजता? काही ठिकाणी सकाळी लवकर खोली सोडावी लागते. मग सामान ठेवायला जागा आहे का तेही विचारा.

५. खोली तळमजल्यावर मिळेल का, आणि खिडक्यांना जाळी आहे का? जाळी माकडांसाठीही आणि डासांसाठीही. ऑक्टोबरमध्ये डास असतात.

थांबा, तपासा: या पाचही प्रश्नांची उत्तरं एका कागदावर किंवा फोनच्या नोट्समध्ये लिहिली का? हॉटेलचा लँडलाइन नंबर पण तिथेच लिहा, वर मोबाइलची रेंज प्रत्येक ठिकाणी सारखी नसते.

टप्पा ३: बॅग भरणं

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. लोक घरच्या गाडीने निघतात, डिकी मोठी आहे म्हणून मोठी चाकांची बॅग, मुलाची सायकल, बाबागाडी, सगळं कोंबतात. दस्तुरीला गाडी थांबते आणि तिथून पुढे ते सगळं तुमच्या अंगावर येतं.

नियम साधा ठेवा: घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाची एकच पाठीवरची बॅग, आणि दोघांपैकी एकाचे दोन्ही हात पूर्ण रिकामे. तो माणूस फक्त मुलाचा. म्हणजे त्याच्या खांद्याला पर्स नको, हातात पाण्याची बाटली नको, गळ्यात कॅमेरा नको.

बाबागाडी घरी ठेवा. मुख्य रस्त्यावर काही भागात पेव्हर ब्लॉक आहेत पण पॉइंटकडे जाणाऱ्या वाटांवर जांभा दगड, मुळं, खड्डे, त्यात चाकं अडकतात. तीन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी अंगाला बांधायचं बेबी कॅरिअर घ्या, आणि ते घरी निदान दोनदा बांधून, मूल बसवून, चालून बघा. नवीन कॅरिअरचं पाकीट दस्तुरीला फोडू नका, मूल अनोळखी पट्ट्यांत बसायला तयारच होत नाही.

मुलाच्या सामानात हे हवंच:
- गडद रंगाचे कपडे. लाल मातीचे डाग पांढऱ्या कपड्यांवरून पूर्ण जात नाहीत.
- चांगली पकड असलेले बूट, आधी वापरलेले. क्रॉक्स किंवा नवी सँडल नको. मोज्यांचे जास्तीचे तीन-चार जोड.
- एक स्वेटर, कानटोपी. दुपारी वाटेल कशाला आणलं, संध्याकाळी साडेसहानंतर कळेल.
- तापाचं औषध, ओआरएस, डेटॉल, बँडेज आणि डासांचं क्रीम. गावात मेडिकल आहे, नगरपरिषदेचं बी. जे. हॉस्पिटल आहे, पण रात्री अकराला ताप आला तर तिथपर्यंत मुलाला उचलून चालत जाण्यापेक्षा बॅगेत असलेलं बरं.
- साबण. सॅनिटायझर नाही, साबण. कारण पुढे सांगतो.
- प्रत्येकी एक टॉर्च, मुलाची वेगळी छोटी. मुलाच्या हातात स्वतःची टॉर्च असली की अंधारातली वाट भीतीची न राहता खेळाची होते.
- सुट्टे पैसे, रोख. यूपीआय बऱ्याच ठिकाणी चालतं पण रेंज गेली की हमालाला द्यायला पैसे नाहीत अशी वेळ येते.
- बाकरवडी, चकली, लाडू असं जे नेताय ते बंद डब्यात. प्लॅस्टिकच्या पिशवीत अजिबात नाही, माकडं ती पिशवी आवाजावरून ओळखतात.

टप्पा ४: नेरळपर्यंत पोचणं

मुंबईकडून कर्जत किंवा खोपोली लोकल, दोन्ही नेरळला थांबतात. बदलापूर लोकलमध्ये बसू नका, ती तिथेच संपते. सकाळी कर्जतच्या दिशेने ऑफिसची गर्दी उलट असते म्हणून आठवड्याच्या मधल्या दिवशी आरामात बसायला मिळतं. रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक असू शकतो, शनिवारी संध्याकाळी बघून ठेवा.

पुण्याकडून येणाऱ्यांची नेहमीची गडबड म्हणजे नेरळला थांबणारी गाडी शोधत बसणं. बऱ्याच एक्सप्रेस कर्जतला थांबतात, तिथे उतरा आणि मुंबईच्या दिशेची लोकल पकडा, आधी भिवपुरी रोड आणि मग लगेच नेरळ.

स्वतःच्या गाडीने येणार असाल तर नेरळवरून वर जाणारा घाट छोटा पण खूप चढाचा आहे, वळणं अगदी आवळलेली. घाटात गाडी चालवायची सवय नसेल तर गाडी नेरळला लावा आणि टॅक्सी करा. मागे बसलेलं मूल उलटी करतंय आणि पुढे हाफ क्लच सांभाळायचाय, हे दोन्ही एकत्र नको.

वेळ अशी पकडा की सकाळी साडेनऊ-दहाच्या आत नेरळ सोडलेलं असेल. म्हणजे मुलाच्या दुपारच्या झोपेच्या आधी तुम्ही हॉटेलवर असता. सगळ्या प्लॅनमधली ही एकच वेळ मी घट्ट धरायला सांगेन, बाकी सगळं मागेपुढे झालं तरी चालेल.

टप्पा ५: नेरळवरून वर, टॅक्सी की मिनीट्रेन

मला माहितीय, सगळ्यांना ट्रेनच हवी असते. १९०७ पासूनची गाडी, दोन फुटी रूळ, इवलेसे डबे, मुलांना ती बघूनच वेड लागतं. पण नेरळ ते माथेरान साधारण एकवीस किलोमीटरला दोन-अडीच तास लागतात, डबे छोटे, बाकं अरुंद आणि गाडीत टॉयलेट नाही. दोन वर्षांच्या मुलाला पहिली वीस मिनिटं मजा वाटते आणि पुढचे दोन तास तुम्हाला त्याला गुंतवून ठेवावं लागतं.

म्हणून माझा हिशोब असा:

चार वर्षांच्या आतलं मूल: नेरळ स्टेशनच्या बाहेरून शेअर टॅक्सी, दस्तुरी नाका, आणि तिथून अमन लॉज ते माथेरान शटल. ट्रेनचा आनंद पूर्ण मिळतो, वेळ पंधरा-वीस मिनिटं.

चार वर्षांच्या वरचं मूल, खिडकीत रमणारं: पूर्ण मिनीट्रेन चालेल. तिकीट खिडकीवर वेळेच्या बऱ्याच आधी रांगेत उभं राहा, जागा थोड्या असतात. एक जण रांगेत, दुसरा मुलाला टॉयलेटला नेऊन आणतो, या क्रमानेच. जुम्मापट्टी आणि वॉटर पाइप ही मधली स्टेशनं आधीच मुलाला सांगून ठेवा, कुठलं आधी येतं ते त्याला ओळखू दे, आणि वाटेतला एकुलता एक बोगदा, वन किस टनेल, आला की ओरडायची परवानगी द्या.

टॅक्सीने जाताना उलटीचा त्रास ज्या मुलांना होतो त्यांच्यासाठी: निघायच्या आधीच्या तासाभरात दूध नको, पोटभर नाश्ता नको, अगदी रिकामं पोटही नको, एखादी पोळी किंवा दोन बिस्किटं. मुलाला मोबाइल देऊ नका, खाली बघितलं की जास्त मळमळतं. खिडकी उघडी, नजर पुढे रस्त्यावर. टॅक्सी भरली की सुटते, म्हणून शक्य असेल तर अख्खी करा आणि ड्रायव्हरला आधीच सांगा की सावकाश न्या, मूल आहे. ते ऐकतात.

सावध राहा: घाटात फोटोसाठी गाडी थांबवून मुलाला रस्त्यावर उतरवू नका. वळणावर वरून येणाऱ्या गाडीला तुम्ही दिसत नाही.

टप्पा ६: दस्तुरी नाका ते हॉटेल

इथे सगळ्यात जास्त लोक चुकतात, म्हणून नीट वाचा.

दस्तुरीला गाड्या संपतात. इथून बाजारपेठ साधारण अडीच-तीन किलोमीटर. उतरल्या उतरल्या घोडेवाले, हमाल, एजंट सगळे एकदम बोलायला लागतात, मूल घाबरतं, तुम्ही गोंधळता आणि जो पहिला बॅग उचलतो त्याच्याबरोबर निघता. तसं करू नका. टॅक्सीतच बसल्या बसल्या ठरवा कोण काय करणार:

पहिलं, मूल कॅरिअरमध्ये किंवा कडेवर. जमिनीवर नाही. इथे घोडे वळत असतात आणि लहान मुलाची उंची बरोबर त्यांच्या पायांच्या मागे येते.

दुसरं, टॉयलेट. वर पोचेपर्यंत आता संधी नाही असं समजा.

तिसरं, प्रवासी कराची पावती घ्या, जपून ठेवा.

चौथं, थेट अमन लॉज स्टेशनवर चालत जा, काही मिनिटांच्या अंतरावर आहे, आणि शटलची पुढची वेळ तिथल्या खिडकीवर विचारा. कोणी वाटेत सांगितलं की "ट्रेन बंद आहे", "तिकीट संपलं", "तुमचं हॉटेल खूप लांब आहे, घोड्याशिवाय जमणार नाही", तर शांतपणे नाही म्हणा आणि खिडकीपर्यंत जाऊनच खात्री करा.

पाचवं, शटलला वेळ असेल किंवा तिकीट मिळालं नाही तरच दुसरा पर्याय. ई-रिक्षा आहेत पण मोजक्या, रांग लागते, त्यांच्याच भरवशावर निघू नका. माणसाने ओढायच्या हातरिक्षा बंद करायचा आदेश सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिलाय आणि ते योग्यच झालं. सामानासाठी हमाल करा, बिल्ला असलेला, दर आधी ठरवून, हॉटेलचं नाव दोनदा सांगून. औषधांची आणि मुलाच्या खाण्याची छोटी बॅग मात्र स्वतःकडेच.

चालत जायचं असेल तर मुख्य लाल रस्त्याने जा. बरेच जण रुळांवरून शॉर्टकट म्हणून जातात, सपाट आहे म्हणून. मुलाला घेऊन रुळांवरून जाऊ नका. गाडी हळू असली तरी काही ठिकाणी बाजूला सरकायला जागाच नाही, आणि खडीवर छोट्या पायांचं संतुलन जातं.

घोड्याबद्दल स्पष्ट सांगतो. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला घोड्यावर बसवू नका, तुमच्या पुढ्यात धरून पण नाही. घोडा घसरला तर तुम्ही स्वतःला सावरणार की मुलाला? मोठ्या मुलाला बसवायचंच असेल तर दुसऱ्या दिवशी, गर्दी नसलेल्या सपाट रस्त्यावर, घोडेवाला लगाम हातात धरून चालत असताना, छोटी फेरी. डोक्याला मुलाचं सायकलचं हेल्मेट असेल तर उत्तम, हलकं असतं, बॅगेला बाहेरून अडकवून नेता येतं.

आणि साबण यासाठी: रस्ताभर घोड्यांची लीद असते, मुलं पडतात, हात टेकतात, तोच हात तोंडात. सॅनिटायझरने माती-घाण निघत नाही. खायच्या आधी दर वेळी साबण-पाणी.

थांबा, तपासा: हॉटेलवर पोचलात? मुलाचे मोजे बदला, पाणी पाजा, जेवण, झोप. बाहेर जाऊ नका. "आलोय तर एक पॉइंट करून येऊ" हा मोह टाळला की उरलेले दीड दिवस चांगले जातात.

टप्पा ७: पहिली संध्याकाळ

मूल उठलं की चारच्या पुढे फक्त बाजारापर्यंत. माथेरान स्टेशनवर जाऊन उभं राहा, गाडी येते, इंजिन सुटतं, पुन्हा जोडतात, मुलं तासभर हलत नाहीत आणि याला एक पैसा लागत नाही. जवळच पेमास्टर पार्क आहे, तिथे मोकळं पळू द्या. चिक्की आजच घेऊ नका, दोन दिवस खोलीत ठेवली की मुंग्या आणि माकडं. परतताना घ्या.

ऑक्टोबरच्या मध्यावर सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो, नोव्हेंबरच्या मध्यात सहाच्या आसपास, आणि दाट झाडीत त्याच्या आधीच अंधारून येतं. सूर्यास्तासाठी सगळे पॉर्क्युपाइन पॉइंटला जातात आणि मग अंधारात, गर्दीत, दमलेलं मूल खांद्यावर घेऊन परत येतात. छोट्या मुलाबरोबर ते सोडून द्या. बाजाराच्या जवळचा खंडाळा पॉइंट बघा आणि उजेड असतानाच मागे फिरा.

टप्पा ८: पूर्ण दिवस, एकच वाट

माथेरानमध्ये तीसेक पॉइंट आहेत आणि घोडेवाल्याकडे "बारा पॉइंट", "सात पॉइंट" अशी पॅकेज असतात. मुलाबरोबर एका दिवसात एकच दिशा. मी शार्लोट लेकची वाट सुचवेन, कारण जवळपास सगळी सावलीची आहे, वाटेत बघण्यासारखं खूप आहे आणि कुठूनही मागे वळता येतं.

सकाळी सात-सव्वासातला निघा, नाश्ता बरोबर घेऊन किंवा थोडं खाऊन. नऊनंतर घोडे आणि गर्दी सुरू होते. जाताना मुलाला चालू द्या, त्याच्या वेगाने, घाई अजिबात नाही. येताना चढ लागतो तेव्हा कॅरिअर. लोक उलटं करतात, जाताना उचलून नेतात म्हणजे लवकर पोचू, आणि येताना मूल ताजंतवानं धावतंय, आपण दमलेलो.

वाटेत काय करायचं ते आधी ठरवून ठेवा, नाहीतर मूल म्हणजे फक्त ओढत न्यायची गोष्ट होते. पावसाळा नुकताच संपलेला असल्यामुळे दोन झाडांमध्ये ताणलेली मोठमोठी जाळी दिसतात, मध्ये काळा-पिवळा कोळी बसलेला, त्यांची शोधाशोध होऊ दे, हात न लावता. झाडांच्या शेंड्यांकडे काटक्या-पानांचा गोल गोळा दिसला तर ते शेकरूचं घरटं असू शकतं, आणि नशीब असेल तर मोठ्या शेपटीचं तांबूस शेकरू स्वतः एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर उडी मारताना दिसतं. तेव्हा सगळ्यांनी गप्प उभं राहायचं. आपल्या राज्याचा प्राणी आहे हे मुलाला जरूर सांगा. ऑक्टोबरच्या सुरुवातीला कड्यांच्या बाजूला सोनकीची पिवळी फुलं, तेरडा. तोडायची नाहीत, मोजायची. खाली पडलेली पानं मात्र हवी तितकी गोळा करू द्या, एका जुन्या वहीत ठेवायची, वही बरोबर आणा.

शार्लोट लेकचं पाणी गावाच्या पिण्याचं आहे. पाण्यात उतरायचं नाही, दगड मारायचे नाहीत, डायपर तर चुकूनही तिथे टाकायचा नाही. वापरलेले डायपर वेगळ्या बंद पिशवीत घालून हॉटेलच्या कचऱ्यापर्यंत आणा. जवळच पिसरनाथाचं देऊळ आहे, तिथे टेकून खाणं उरका. पुढे इको पॉइंटला जाऊन मुलाला स्वतःचं नाव मोठ्याने ओरडू द्या. मूल अजून उत्साहात असेल तरच लुईझा पॉइंट, तिथून समोर प्रबळगड दिसतो. उत्साहात नसेल तर इकोवरूनच मागे. पॅनोरमा पॉइंटचा सूर्योदय सुंदर असतो पण तो गावाच्या दुसऱ्या टोकाला, अंधारात निघावं लागतं. मूल सात-आठ वर्षांचं झालं की करा.

कड्याच्या बाबतीत एकही सूट नाही. सगळ्या पॉइंटना सगळीकडे रेलिंग नाही. या दिवसांत गवत कमरेएवढं वाढलेलं असतं आणि त्यामुळे जमीन कुठे संपते ते दिसतच नाही, वर जांभ्याचे बारीक खडे पायाखाली गोट्यांसारखे फिरतात. पॉइंट यायच्या आधीच, झाडी संपते तिथेच, मूल कॅरिअरमध्ये किंवा मनगटाला धरून. बोटाला नाही, मनगटाला, बोट सुटतं. फोटो काढणारा एक, मूल धरणारा दुसरा. दोघांनी एकाच वेळी सेल्फीत बघायचं नाही. एकटे पालक असाल तर रेलिंग नसलेल्या ठिकाणी फोन खिशातच.

माकडं: मुलाच्या हातात उघडं खाणं, रंगीत बाटली, फुगा काही नको. माकड जवळ आलं तर मुलाला हळूच उचला, ओरडू नका, पळू नका, दात दिसतील असं हसू नका, त्यांना ते धमकी वाटते. खाणं ओढलं तर सोडून द्या. ओरखडा किंवा चावा झाला, कितीही छोटा, तर लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे, रेबीजच्या लशीसाठी. हळद लावून संध्याकाळपर्यंत थांबू नका.

थांबा, तपासा: साडेअकरापर्यंत हॉटेलवर परत आहात का? ऑक्टोबरचं दुपारचं ऊन वरही चटका देतं. मूल लाल झालंय, रडतंय, शू कमी झालीय तर पाणी कमी पडलंय, ओआरएस द्या आणि संध्याकाळचा कार्यक्रम रद्द.

टप्पा ९: दुपारनंतर हॉटेलच्या अंगणात

झोपून उठल्यावर पुन्हा पॉइंटला धावायची गरज नाही. दिवाळीच्या आगेमागे गेला असाल तर अंगणात किल्ला करा. हॉटेलवाल्याला विचारून, कोपऱ्यातल्या सुट्या मातीचा, जमीन खणून नाही. लाल माती ओली केली की छान बसते पण पाणी थोडं थोडं घाला, एकदम ओतलं की चिखल होतो आणि बुरूज खचतो. आधी मोठा दगड किंवा उलटा डबा मधे ठेवा, त्यावर माती थापा, म्हणजे मुलाच्या हाताने दाबला तरी कोसळत नाही. मग पायऱ्या, मग तटबंदी, सगळ्यात शेवटी काटक्यांचे दरवाजे. घरून दोन-चार छोटे मावळे आणले असतील तर मुलाच्या आनंदाला पार राहत नाही. झाडावरचं शेवाळ ओरबाडून हिरवळ करू नका, पडलेली पानं पुरतात. संध्याकाळी एक पणती, मोठ्यांनी लावायची, मुलाचे कपडे सुती. फटाके आणूच नका, सगळीकडे जंगल आहे, वाळलेलं गवत आहे आणि घोडे बिथरतात.

कोजागिरीच्या आसपास असाल तर हॉटेलच्या किचनला दुपारीच सांगून आटवलेलं मसाला दूध करून घ्या, घरून मसाला नेला तर अजून छान, मुलाच्या पेल्यात सुकामेवा अख्खा नको, कुटून, घशात अडकतो. चंद्र झाडीच्या वर यायला वेळ लागतो, तोपर्यंत मूल जागं राहणार नाही, त्याला आठलाच दूध देऊन झोपवा आणि मोठ्यांची कोजागिरी नंतर करा.

टप्पा १०: उतरणं

आदल्या रात्रीच तीन गोष्टी: बिल चुकतं करा, हमाल सांगून ठेवा, शटलची सकाळची वेळ हॉटेलमध्ये न विचारता स्टेशनवरच विचारून या. सकाळी नाश्ता निघायच्या दीड तास आधी, हलका, कारण घाट आता उताराचा आणि उतरताना उलट्या जास्त होतात. चिक्की, मध काय घ्यायचं ते स्टेशनकडे जाताना वाटेत, बॅगेत सगळ्यात खाली.

अमन लॉजला शटलमधून उतरून दस्तुरीला आलात की पुन्हा तोच क्रम, मूल कडेवर, मग टॉयलेट, मग टॅक्सी. टॅक्सीत बसायच्या आधी मुलाचे बूट काढून पिशवीत घाला आणि लाल मातीचे कपडे बदला. ते कपडे घरी गेल्यावर थेट मशीनमध्ये टाकू नका, माती आधी पूर्ण वाळू द्या, झटका, थंड पाण्यात साबण लावून तासभर भिजवा आणि मगच वेगळे धुवा, नाहीतर बाकीच्या कपड्यांना पण तोच रंग चढतो. नेरळला लोकलला वेळ असेल तर मुलाला फलाटावर भरपूर पाणी पाजा आणि काहीतरी खारट खायला द्या, दुपारची कर्जतकडून येणारी लोकल बऱ्यापैकी रिकामी असते, खिडकीजवळ बसलात की ते कल्याण यायच्या आत झोपतं.